आजीच्या मालकांच्या वाटेने: इटलीतले सात दिवस

आईने तिच्या वडिलांना कधी पाहिलं नाही. ती जून १९४३ मध्ये कोरेगाव तालुक्यातल्या एका खेड्यात जन्मली तेव्हा ते पलटणीबरोबर परमुलखात होते, आणि ९ एप्रिल १९४५ ला इटलीतल्या सेनिओ नावाच्या नदीवर ते पडले. त्यानंतर २३ दिवसांनी, २ मे रोजी, इटलीतलं युद्ध संपलं.

पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या पहिल्या बटालियनमध्ये, म्हणजे जंगी पलटणीत, ते साधे शिपाई होते. पदक नाही, फोटो नाही. आजीच्या पत्र्याच्या पेटीत त्यांची म्हणून एवढीच चीजवस्तू निघाली: दोन पत्रं, मनीऑर्डरची तीन कुपनं, एक तार, आणि एक पत्र जे घरून गेलं होतं आणि त्यांच्या सामानाबरोबर परत आलं. आणि एक नंबर. त्यांचा पलटणीतला नंबर आजीला तोंडपाठ होता. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण आकड्यांच्या जोड्या करून, जात्यावरच्या ओवीच्या चालीत ती तो म्हणायची. कचेरीत कुणी काही विचारलं की आधी नंबर सांगायची, मग स्वतःचं नाव.

तो नंबर आईलाही पाठ आहे. मलाही. युद्धात पडलेल्या सैनिकांच्या थडग्यांची आणि नावांची नोंद ठेवणारी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन नावाची संस्था आहे, तिच्या नोंदींमध्ये त्याच नंबरावरून मला आजोबा सापडले. नाव जरा वेगळंच लिहिलेलं, पण नंबर तोच. स्मारक: फोर्ली. आईला सांगितलं तर ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "मला चालवेल तोवर घेऊन चल."

आई ८१ वर्षांची. जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती, अजून रोज दोन किलोमीटर चालते.

पहिला दिवस: मुंबई, रोम, लांचानो

पाडवा झाला आणि निघालो. रोमच्या विमानतळावर गाडी भाड्याने घेतली. मीच चालवणार होते. रोम आम्ही बघितलंच नाही. आईने आधीच बजावलं होतं, "जिथं ते गेले नाहीत तिथं मला काही बघायचं नाही."

हा रस्ता इटलीच्या कमरेतून आडवा जातो. बोगद्यामागून बोगदे, आणि बाहेर आलं की मायेलाच्या डोंगरावर एप्रिलमध्येही बर्फ. आई काचेला नाक लावून बसली होती. साताऱ्याकडची माणसं डोंगर बघतात ते चढ मोजतच. "ओझं घेऊन चढायचं म्हणजे..." एवढंच म्हणाली.

दुसरा दिवस: सांग्रो नदी

लांचानोपासून खाली उतरलं की सांग्रोचं पात्र लागतं. रुंद, पसरट, मधे गोट्यांची बेटं. आता पाणी कमी होतं. नोव्हेंबर १९४३ मध्ये हीच नदी पावसाने फुगली होती आणि बांधलेले पूल वाहून जात होते. आजोबांची पलटण ज्या आठव्या भारतीय डिव्हिजनमध्ये होती, तिचं इटलीतलं पहिलं मोठं युद्ध इथलं. सप्टेंबरात ही डिव्हिजन तारांतो बंदरात उतरली आणि एड्रिअॅटिक समुद्राच्या कडेने वर सरकत इथवर आली. नदीपलीकडच्या टेकाडावर मोझ्झाग्रोन्या नावाचं गाव आहे, ते घेताना घराघरातून लढाई झाली.

आम्ही त्या गावच्या चौकात कॉफी प्यायलो. बाकावर म्हातारे बसले होते. आईचं लुगडं बघून एक आजोबा उठून जवळ आले. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, आम्हाला इटालियन येत नव्हतं. आईने छातीवर हात ठेवून "इंडिया, पापा" म्हटलं आणि नदीकडे बोट केलं. त्यांनी टोपी काढली. मग त्यांनी हाताने गुडघ्याइतकी उंची दाखवली, म्हणजे तेव्हा मी एवढा होतो, आणि पंजावर पंजा आपटून भाकरी थापल्यासारखं केलं. आई एकदम हसली. भारतीय फौजेला शिध्यात कणीक, डाळ, तूप मिळायचं. कुठल्या तरी चुलीजवळ या पोराला गरम चपाती मिळाली असणार. ते आजोबा आणि आई जवळजवळ एकाच वयाचे. एकाने तिच्या वडिलांच्या पलटणीला, निदान त्यांच्या डिव्हिजनला, डोळ्यांनी बघितलं होतं. आईने नव्हतं.

तोरिनो दी सांग्रोचं युद्धस्मशान उतारावर आहे. २,६०० च्या वर थडगी, कापलेलं गवत, प्रत्येक दगडापाशी फुलझाड. हिंदू सैनिकांच्या दगडावर देवनागरीत 'ॐ भगवते नमः' कोरलेलं आहे. परक्या मुलखात आपली अक्षरं अशी अचानक दिसली की आत काहीतरी हलतं. ज्यांचं दहन झालं, त्यांच्यासाठी इथे वेगळं स्मारक आहे, ५०० हून अधिक नावांचं. इटलीत अशी तीन स्मारकं आहेत: हे एक, रिमिनीला एक, फोर्लीला एक. सरणासाठी लाकूड कुठून आणलं असेल, हा प्रश्न आईने विचारला. भर पावसात, शेकडो माणसांसाठी. मला उत्तर देता आलं नाही.

तिथल्या बाकावर बसून तिने आजोबांचं पहिलं पत्र काढलं. ते याच हिवाळ्यातलं. आजोबा दुसरीपर्यंत शिकलेले, त्यामुळे अक्षर दुसऱ्या कुणाचं, पलटणीतल्या लिहित्या माणसाचं. मुक्कामाच्या जागी फक्त 'समुद्रपार' असं लिहिलंय, कारण गावाचं नाव लिहायला सेन्सॉरची मनाई. मजकूर असा: मुलगी झाल्याचं समजलं, आनंद वाटला. तिचे कान टोचले का? खोंड विकू नका, मी येईतो सांभाळा. इकडे पाऊस आपल्यासारखाच पडतो पण थांबत नाही, कपडे वाळत नाहीत. वडिलांस साष्टांग नमस्कार. काळजी नसावी.

बायकोचं नाव पत्रात कुठेच नाही. त्या काळी पत्र वडिलांच्या नावे यायचं आणि शाळामास्तर ते ओसरीवर सगळ्यांसमोर वाचायचे. आजी आत, दाराआड, लेकीला मांडीवर घेऊन ऐकत उभी. 'कान टोचले का' एवढा एकच प्रश्न तिच्यासाठी होता, असं ती सांगायची. बाकी सगळं ओसरीसाठी.

संध्याकाळी मोरो नदीवर गेलो. नदी म्हणजे खोल घळीतला ओहोळ. डिसेंबर १९४३ मध्ये इथे आपल्या सॅपर्सनी, म्हणजे फौजेतल्या पूल-रस्ते बांधणाऱ्यांनी, एक बेली पूल (तयार लोखंडी भाग जोडून करायचा पूल) बांधला, त्याची गोष्ट सांगण्यासारखी आहे. अलीकडच्या काठावर रस्ता इतका तीव्र वळणाचा की पूल जोडून पुढे ढकलायला जागाच नव्हती. मग सॅपर्स सामान घेऊन पलीकडे, शत्रूच्या बाजूच्या काठावर गेले आणि पूल तिकडून इकडे, उलटा बांधत आणला. त्याचं नावच 'इम्पॉसिबल ब्रिज' पडलं. आता तिथे झुडपं आहेत आणि पाण्याचा आवाज.

तिसरा दिवस: कासिनो

डोंगर ओलांडून पलीकडे. वाटेत आई मनीऑर्डरीबद्दल बोलली. शिपायाचा मूळ पगार महिना १८ रुपयांच्या आसपास, त्यावर परदेशाचा भत्ता. त्यातला ठरावीक भाग 'अलॉटमेंट' म्हणून परस्पर घरी यायचा. आमच्या घरी तो आजीच्या सासऱ्यांच्या नावे यायचा, कारण भरतीच्या वेळी आजोबांनी वारस म्हणून वडिलांचं नाव दिलं होतं. बहुतेक जण तसंच करायचे. तेव्हा आजी सतरा वर्षांची, घरात आलेली नवी सून. तिच्या नावावर पैसा येतो ही कल्पनाच कुणाला नव्हती, आजोबांनाही नव्हती.

युद्धात महागाई वाढली. रॉकेल मिळेना, कापड मिळेना, सुटी नाणी बाजारातून नाहीशी झाली. गावात मनीऑर्डर येणाऱ्या घरांना लोक सुखी समजायचे. आजी सांगायची, पोस्टमन लांबून दिसला की तिच्या पोटात गोळा यायचा. पोस्टमनच्या हातात मनीऑर्डर असेल की तार, ते तो ओसरीवर येईपर्यंत कळायचं नाही. दोन वर्षं, दर महिन्याला हा गोळा.

कासिनोला मठ बघायला सगळं जग येतं. फेब्रुवारी १९४४ मध्ये बॉम्बफेकीत उद्ध्वस्त झालेला तो मठ पुन्हा जसाच्या तसा उभा केलाय. आम्ही खालीच थांबलो, गारी नदीवर. ११ मे १९४४ च्या रात्री आठव्या डिव्हिजनची माणसं होड्यांतून ही नदी ओलांडून गेली. नदी म्हणजे आमच्याकडच्या कालव्याएवढी, पण पाण्याला ओढ भयंकर. आईने काठावरच्या गवताची काडी पाण्यात टाकली, ती डोळ्यासमोरून सर्रकन गेली.

युद्धस्मशानात ४,२७१ थडगी आणि मधोमध हिरव्या संगमरवराच्या उंच पट्ट्या. ज्यांचा देह सापडला नाही किंवा थडगं नाही, अशा ४,००० हून अधिक लोकांची नावं त्यांवर. त्यात यशवंत घाडगे यांचं नाव आहे. उद्या त्यांच्याच जागी जायचं होतं.

चौथा दिवस: मोंतोने

तिबेर नदीचं वरचं खोरं. टेकडीवर दगडी गाव, अरुंद बोळ, खिडक्यांत जिरॅनियमच्या कुंड्या. इथल्या परिसरात १० जुलै १९४४ रोजी मराठा लाइट इन्फन्ट्रीच्याच तिसऱ्या बटालियनचे नाईक यशवंत घाडगे मारले गेले. रायगड जिल्ह्यातल्या माणगाव तालुक्यातले, वय २२. त्यांच्या सेक्शनवर, म्हणजे लहान तुकडीवर, अगदी जवळून मशीनगनचा मारा झाला आणि त्यांच्याशिवाय सगळे जण मेले किंवा जखमी झाले. ते एकटे धावत गेले. हातबॉम्बने मशीनगन बंद पाडली, एकाला गोळी घातली, आणि बंदुकीचं मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून उरलेल्या दोघांना दस्त्याने मारलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या त्यांना लागल्या. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे तेव्हाचं सर्वोच्च शौर्यपदक, मिळाला.

जुलै २०२३ मध्ये मोंतोनेच्या लोकांनी त्यांच्या नावाने स्मारक उभारलं: एक सूर्यघड्याळ. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय की आपण सगळे एकाच सूर्याखाली राहतो. ऊन होतं. सावली साडेअकराच्या जरा पुढे होती. आईने हात जोडले आणि बराच वेळ उभी राहिली. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "सगळे मेले किंवा जखमी झाले म्हणालीस. ते बाकीचे कोण गं?"

शौर्यपदकाच्या मजकुरात ते 'सगळे' एका शब्दात येतात. माझे आजोबा दुसऱ्या बटालियनचे, पण तशाच 'सगळ्यां'पैकी. हे मला गेली दोन वर्षं, नोंदी चाळताना, सारखं टोचत होतं, आणि आईने ते एका प्रश्नात मांडलं. घाडग्यांचं मोठेपण याने तसूभर कमी होत नाही. पण त्या सेक्शनमधल्या प्रत्येकाच्या घरी एक ओसरी होती आणि दाराआड कुणीतरी उभं होतं. इटलीत सुमारे ५०,००० भारतीय सैनिक लढले आणि ५,७०० हून अधिक मेले. या आकड्याला ओसऱ्यांनी गुणलं पाहिजे.

रात्री खोलीवर आईने धाकट्या चुलत्यांची गोष्ट सांगितली. मी ती लहानपणापासून ऐकलीय, पण इथे ती वेगळी वाटली.

आजोबा बेळगावला भरती झाले ते १९४२ च्या सुरुवातीला. दोन वर्षं पीक हाताला लागलं नव्हतं, डोक्यावर सावकार होता. देशभक्ती, राजनिष्ठा वगैरे प्रश्नच नव्हता. पलटणीत पोटभर अन्न आणि महिन्याला पैसा. त्याच साली ऑगस्टात चले जाव सुरू झालं, सप्टेंबरात वडूजच्या मोर्चावर गोळीबार झाला, आणि पुढच्या वर्षी नाना पाटलांचं प्रतिसरकार आमच्या भागात गावोगाव पोचलं. आजोबांचे धाकटे भाऊ तेव्हा सोळा-सतरा वर्षांचे. ते रात्री भूमिगतांना भाकरी पोचवायला लागले. भाकरी थापायची आजी. एक मुलगा इंग्रजांच्या पलटणीत, दुसरा इंग्रजांच्या विरुद्ध, आणि दोघांची चूल एक.

एकदा पोलीस घरी आले. धाकटा माळ्यावर कडब्यात लपलेला. आजीच्या सासऱ्यांनी शांतपणे कोनाड्यातून मनीऑर्डरची कुपनं काढली आणि फौजदारापुढे धरली. "माझा थोरला सरकारच्या पलटणीत आहे, समुद्रपार लढतोय. या घरात बंडखोर कुठून येणार?" फौजदाराने कुपनं उलटीपालटी करून पाहिली आणि पोलीस निघून गेले.

"बाबांनी तिकडून भावाला वाचवलं, त्यांना पत्ताही नव्हता," आई म्हणाली. ती वडिलांना 'बाबा' म्हणाली ते मी पहिल्यांदा ऐकलं. एरवी ती 'माझे वडील' म्हणते.

चुलते स्वातंत्र्यसैनिक म्हणून गावात मानाने जगले. त्यांचं नाव ग्रामपंचायतीच्या दगडावर आहे. आजोबांचं नाही. याबद्दल आजी कधी बोलली नाही. चुलते मात्र दर १५ ऑगस्टला झेंडावंदन करून आले की आधी आजीच्या पाया पडायचे.

पाचवा दिवस: मोंतेगुफोनी आणि फ्लॉरेन्स

फ्लॉरेन्सच्या नैर्ऋत्येला द्राक्षमळ्यांत मोंतेगुफोनी नावाचा जुना गढीवजा वाडा आहे. आता तिथे पाहुणे राहतात, आम्हीही एक रात्र राहिलो. युद्धात फ्लॉरेन्सच्या उफित्सी संग्रहालयातली चित्रं सुरक्षित राहावीत म्हणून आसपासच्या वाड्यांत हलवली होती. इथे अडीचशेच्या आसपास होती. १९४४ च्या उन्हाळ्यात जंगी पलटणीचे मराठे या वाड्यात पोचले तेव्हा भिंतींना टेकवून बोत्तिचेल्ली या चित्रकाराचं 'वसंत' हे चित्र उभं होतं. मग आपल्याच सैनिकांनी त्या चित्रांवर पहारा दिला.

दुपारी उफित्सीत जाऊन ते चित्र पाहिलं. गर्दीत आईला पुढे जायला लोकांनी जागा करून दिली. ती चित्रातल्या बायकांकडे बघत नव्हती, त्यांच्या पायाखालच्या गवताकडे बघत होती. त्या गवतात शंभरावर जातींची फुलं आहेत, एकेक ओळखता येईल इतकी नीट काढलेली. "शेतकऱ्याच्या पोराने हेच बघितलं असतं," ती म्हणाली. आजोबांचा पहारा त्या खोलीवर होता की नव्हता, ते कुठे लिहिलेलं नाही. मला वाटतं त्यांनी बघितलं असेल. मी तसंच धरून चालणार आहे.

सहावा दिवस: सेनिओ

९ एप्रिल. डोंगर संपले आणि एकदम सपाट मुलूख लागला. पीचच्या बागा, गव्हाची हिरवी शेतं, सरळ रेषेत पाट. लुगो गावापासून थोडं पुढे गाडी थांबवली. नदी दिसतच नव्हती, समोर फक्त गवताने भरलेला उंच बांध होता. पुराचं पाणी शेतात येऊ नये म्हणून दोन्ही काठांना २०-२५ फूट उंचीचे मातीचे बांध घातलेत. मधल्या खोलगटातून सेनिओ वाहते. पाण्याची रुंदी जेमतेम १५-२० फूट. आमच्या गावाकडच्या वसना नदीचं पात्र यापेक्षा मोठं.

या बांधांमुळेच माणसं मेली. जर्मनांनी त्या मातीत आतून बोगदे खणले होते, मोर्चे बांधले होते. सगळा हिवाळा एका बांधाआड हे, दुसऱ्याआड ते. मधल्या काळात, १९४४ च्या डिसेंबरात, डिव्हिजनला पश्चिमेला सेर्किओच्या खोऱ्यात धाडलं होतं. आजोबांचं दुसरं पत्र त्या हिवाळ्यातलं. त्यात बर्फाबद्दल एकच वाक्य आहे: मीठ सांडल्यासारखं दिसतं. आणि शेवटी, मुलगी आता चालत असेल.

९ एप्रिल १९४५ ला दुपारी आठशेवर अवजड विमानांनी बॉम्बवर्षाव केला. मग तोफा. तोफा थांबल्या की जर्मन बाहेर येत, पुन्हा तोफा सुरू होत. मुद्दाम असं फसवून अनेकदा केलं. संध्याकाळी बांधावर ज्वाला फेकणाऱ्या गाड्या आल्या, आणि सात-साडेसातच्या सुमाराला पलटण पाण्यात उतरली. त्या संध्याकाळी या नदीवर एकाच डिव्हिजनमधल्या दोघांना व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला: अली हैदर आणि नामदेव जाधव. जाधव आजोबांच्याच बटालियनचे, कंपनीचे निरोप्या, नगर जिल्ह्यातले. त्यांनी दोन जखमींना खोल पाण्यातून आणि सुरुंगांच्या पट्ट्यातून एकामागून एक उचलून आणलं. मग परत जाऊन मशीनगनचे तीन मोर्चे मोडले. हाताला गोळी लागली तरी हातबॉम्ब फेकत राहिले. शेवटी बांधाच्या माथ्यावर उभं राहून शिवाजी महाराजांचा जयघोष करत मागच्या कंपन्यांना पुढे बोलावलं. ते वाचले, गावी परतले, आणि १९८४ मध्ये वारले.

आजोबा बांधाच्या या बाजूला पडले की पाण्यात की पलीकडे, ते आम्हाला माहीत नाही. तारेत फक्त 'युद्धात ठार' एवढंच होतं.

आईला बांधावर चढायचं होतं. मी एका हाताने धरलं, दुसऱ्या हाताने तिने गवत पकडलं. चढायला चार-पाच मिनिटं लागली. वर आलो तर वाऱ्याने पदर उडत होता. खाली पिवळट पाणी, काठावर बाभळीसारखी पांढरी फुललेली झाडं, पलीकडच्या बांधावरून एक मुलगा सायकलवर चाललेला. आई वरच बसली. सूर्य कलला, सात वाजले, साडेसात वाजले. आम्ही काही बोललो नाही. अंधार पडायला लागला तेव्हा ती म्हणाली, "या वेळेला आई दिवा लावत असेल."

ती तिच्या आईबद्दल बोलत होती, ८० वर्षांपूर्वीच्या त्या संध्याकाळबद्दल. आमच्याकडे दिवेलागण झाली की आजी तुळशीपुढे दिवा लावून लेकीला हात जोडायला लावायची. तेव्हा आपल्याकडे इथल्यापेक्षा काही तास पुढची वेळ असणार, मध्यरात्रच जवळ आली असेल. मी काही बोलले नाही.

तार आली ती गावच्या यात्रेच्या दिवसांत. पोस्टमन ओसरीवर चढला नाही, खालीच उभा राहिला. मास्तरांना बोलवायचीही गरज पडली नाही. पण आजीने वर्षभर बांगड्या उतरवल्या नाहीत. देह बघितला नाही, राख बघितली नाही, मग कशावरून? नावासारखं नाव असतं, असं ती म्हणायची. मग त्यांचं सामान आलं. वस्तरा, हातभर आरसा, आणि घरून गेलेलं ते पत्र. घड्या पडून पडून चार तुकडे झालेलं. पत्र मास्तरांनी लिहिलेलं, पण त्याच्या तळाला शाईत बुडवलेला एक अंगठा. आजीने हट्टाने उमटवलेला. सासऱ्यांसमोर, मास्तरांसमोर, घरच्या पत्रावर सुनेने अंगठा उमटवणं हे तेव्हा फार होतं. आपल्याकडून आपलं असं काहीतरी जावं, एवढीच तिची इच्छा. अंगठ्यावरच्या रेषा त्यांच्या बोटांनी झिजून पुसट झाल्या होत्या. तो अंगठा बघितल्यावर आजीने बांगड्या उतरवल्या.

सातवा दिवस: फोर्ली

शहराबाहेर, रस्त्याला लागून. लहानसं, फक्त भारतीय फौजेचं स्मशान. ४९६ थडगी, त्यांत मुसलमान, हिंदू, शीख शेजारी शेजारी. आणि दहन झालेल्यांचं स्मारक, सातशेवर नावांचं. आम्ही दोघीच होतो. कुणीतरी गवत नुकतंच कापलं होतं, त्याचा ओला वास.

मराठा लाइट इन्फन्ट्रीची नावं शोधली. शिपाई, आद्याक्षराप्रमाणे. आईने चष्मा पुसला आणि बोट टेकवत खाली आली. नाव सापडलं. त्याच्या लगेच खाली तेच नाव पुन्हा होतं. एकाच नावाची दोन माणसं. आजी म्हणायची तसं झालं, नावासारखं नाव. अशा वेळी ओळख पटावी म्हणून नावापुढे पलटणीचा नंबरही कोरतात. म्हणजे तो दुसरा माणूस होता म्हणून आमचा नंबर दगडात आला.

आई तो नंबर मोठ्याने म्हणायला लागली. आजीच्याच चालीत, दोन-दोन आकडे जोडून. म्हणता म्हणता एकेका आकड्यावरून बोट फिरवत होती. खालच्या नावावरूनही तिने बोट फिरवलं. "यांच्याही घरी कुणीतरी असेल पाठ केलेलं," म्हणाली. मी तो दुसरा नंबर लिहून आणलाय. त्यांचं गाव शोधायचं आहे.

भिंतीत एक लहान दार असतं, त्यात नोंदवही आणि भेट देणाऱ्यांची वही. नोंदवहीत आजोबांची ओळ मी काढून दिली. पुढे लिहिलं होतं: अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, गाव, जिल्हा सातारा. आजीचं नाव छापलेलं होतं. इंग्रजी स्पेलिंगमध्ये एक अक्षर चुकलेलं, पण तिचंच.

आईने ती ओळ तीनदा वाचली. रेशनकार्ड येईपर्यंत आजीचं नाव कुठल्या कागदावर नव्हतं. पेन्शन सुरुवातीची काही वर्षं सासऱ्यांच्या नावे आली. मुलीच्या नावचा लहानसा भत्ता मिळवायला ती तीन वर्षं कचेरीच्या पायऱ्या झिजवत होती, त्यावर आई शिकली. दुसरं लग्न केलं असतं तर पेन्शन गेली असती, म्हणून माहेरचे गप्प बसले. आणि या सगळ्या काळात, तिला ठाऊकही नसताना, इतक्या लांबच्या एका भिंतीतल्या वहीत तिचं नाव 'नवरा कोणाचा' या जागी छापून ठेवलेलं होतं.

"मी नाही यात," आई म्हणाली. आई-वडिलांना आणि बायकोला जागा असते, मुलांना नसते. तिच्या आवाजात तक्रार नव्हती, ती फक्त वाचत होती.

मग तिने भेटीची वही घेतली. आमच्या आधी कोण येऊन गेलं ते पाहिलं, बहुतेक इटालियन नावं. पेन मी दिलं. मला वाटलं ती काहीतरी मजकूर लिहील. तिने आधी तारीख घातली. मग आजीचं पूर्ण नाव लिहायला घेतलं, नवऱ्याच्या नावासकट.

आई तिसरीत असताना तिने आजीला सही शिकवली होती, पेन्शनच्या कागदावर अंगठा लावावा लागू नये म्हणून. आजीची सही मी लहानपणी बघितलीय. ती आधी सगळी अक्षरं सुटी सुटी मांडायची, डोक्यावर रेघ न देता, कणीक थापल्यासारखी गोल. आईने तशीच मांडली. आईचं स्वतःचं अक्षर फार सुंदर आहे, फळ्यावरचं. पण हे तिचं अक्षर नव्हतं.

सगळी अक्षरं झाली तेव्हा ती थांबली, वही सरळ केली, आणि डावीकडून उजवीकडे वरची रेघ ओढली. मग त्याखाली लिहिलं, 'मुलगी', आणि पुढे स्वतःचं नाव.